विश्वास आणि जाब : बुऱ्हाणपूरचा एक जुना खटला

(व्याख्यानाची संहिता)



बुऱ्हाणपूर हे नाव कानी पडताच इतिहासाच्या वाचकास तापी नदी आठवते, फारुकी सुलतान आठवतात, १६०१ साली अकबरापुढे उघडलेला असीरगड आठवतो आणि १६३१ साली त्याच नगरीत देह ठेवणारी मुमताजमहल आठवते. दक्षिणेचे द्वार म्हणून ज्या नगराचा मुघलांनी गौरव केला, ते उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये पेशव्यांच्या पदरी आले. खानदेशाची सीमा ओलांडताच लागणारे हे नगर आज मध्यप्रदेशात असले, तरी तेथील बाजारपेठेत मराठी आजही ऐकू येते. परंतु प्रस्तुत व्याख्यानाचा विषय यांपैकी एकही नाही. विषय आहे तो याच नगरातील एका शाळेच्या कारभारातून उपजलेल्या आणि थेट लंडनपर्यंत पोहोचलेल्या एका वादाचा. देवस्थानच्या महाजनांनी त्या परक्या समाजाच्या वादाकडे का वळावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो अगदी रास्त आहे. उत्तर एवढेच की स्वेच्छेने, विनावेतन, श्रद्धेपोटी चालणाऱ्या कोणत्याही संस्थेत जो पेच कधी ना कधी उभा राहतो, तो पेच बुऱ्हाणपुरात जितका उघडपणे मांडला गेला तितका क्वचितच अन्यत्र मांडला गेला असेल.

बुऱ्हाणपुरात दाऊदी बोहरा समाजाची वस्ती जुनी आहे. नगरालगत सैयदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन या अठराव्या शतकातील सत्पुरुषाची दर्गा आहे आणि तिच्या दर्शनास दूरदेशीचे बोहरा यात्रेकरू येत असतात. या समाजाची घडण थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे एकविसावे इमाम बाराव्या शतकापासून अज्ञातवासात आहेत व त्यांच्या वतीने दाई-उल-मुतलक म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू समाजाचे नेतृत्व करतात. वयात आलेला प्रत्येक बोहरा त्यांच्याशी निष्ठेची शपथ घेतो. तीस मीसाक म्हणतात. अर्थात येथे विश्वास ही केवळ मनाची भावना राहत नाही. ती विधिपूर्वक दिलेली प्रतिज्ञा असते. अशा समाजात प्रश्न विचारणे म्हणजे प्रतिज्ञाभंग काय, हाच बुऱ्हाणपूरच्या वादाचा गाभा होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात बुऱ्हाणपूरच्या काही बोहरा गृहस्थांनी हकीमिया या नावाची शाळा चालविली. दुकानदारी सांभाळून, गाठीचा पैसा घालून, इतरांकडून वर्गणी गोळा करून चाललेले ते कार्य होते. अशा कार्याची जातकुळी आपल्याला परकी नाही. दिवसा हिशेबाच्या वह्या आपल्या दुकानाच्या आणि रात्री संस्थेच्या लिहिणारे गृहस्थ प्रत्येक गावी असतात. पुढे शाळेच्या नियंत्रणावरून विश्वस्त मंडळी आणि धर्मपीठ यांच्यात विसंवाद निर्माण झाला. शाळा कोणाची, तिचा पैसा कोणाच्या आज्ञेने खर्च व्हावा, आणि ज्यांनी ती चालविली त्यांस स्वतःच्या मताने काही ठरविण्याचा अधिकार आहे किंवा नाही, हे ते प्रश्न होते. १९१५ साली एक्कावन्नावे दाई म्हणून गादीवर आलेले सैयदना ताहेर सैफुद्दीन यांची भूमिका स्पष्ट होती : समाजाच्या धार्मिक कार्यासाठी जे आहे ते सर्व दाईंच्या आधीन आहे. प्रतिपक्षाची भूमिका अशी की श्रद्धेच्या बाबतीत गुरू प्रमाण, पण वर्गणीच्या पैशाचा हिशेब हा श्रद्धेचा विषय नव्हे. वाद मिटला नाही. विरोध करणाऱ्यांस समाजाबाहेर काढल्याचे जाहीर झाले.

समाजाबाहेर काढणे या दोन शब्दांत काय काय सामावते, हे येथे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. मशिदीचे दार बंद. दर्गेचे दार बंद. लग्नाचा विधी करण्यास कोणी येणार नाही, घरच्या जेवणास आप्त येणार नाहीत, आणि मृत्यू झाल्यास समाजाच्या दफनभूमीत जागा मिळणार नाही. ज्याची दुकानदारी सगळी नात्यागोत्याच्या पतीवर चालते, त्याची पतच जाते. बाप बाहेर आणि मुलगा आत, बहीण आत आणि भाऊ बाहेर, अशी कुटुंबांची शकले होतात. शाळेच्या कारभाराविषयी केलेल्या विचारणेचे मोल एवढे असेल, तर विचारणा करणारा विरळाच.

येथे तत्काळ एक खुलासा करणे उचित होईल. हे सर्व ऐकून आपल्या मनात परधर्मीयांविषयी आढ्यता उत्पन्न होणार असेल, तर प्रस्तुत विवेचन व्यर्थ गेले म्हणावयाचे. ग्रामण्य आणि वाळीत टाकणे हे शब्द मराठीचे आहेत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या प्याल्यावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह पुण्याच्या अनेक नामांकित गृहस्थांवर ग्रामण्य उद्भवले आणि शंकराचार्यांच्या पीठाकडून चौकशी होऊन १८९२ पर्यंत ते प्रकरण प्रायश्चित्तांच्या घोळात चालले. चहाच्या एका प्याल्याने एवढे रामायण घडविणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवू नये. मात्र त्या प्रकरणातील एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. तेथे चौकशी झाली, आरोपितांस आपले म्हणणे मांडता आले, टिळकांनी तर शास्त्राधारांसह ते मांडले. निर्णय कोणास रुचला, कोणास रुचला नाही. परंतु कोणत्या अपराधाबद्दल काय सांगितले जात आहे हे सर्वांस ठाऊक होते.

बुऱ्हाणपूरच्या वादात नेमकी हीच गोष्ट निर्णायक ठरली.

त्यापूर्वी मुंबईत एक खटला होऊन गेला होता, त्याचा निर्देश केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईतील शेठ चांदाभाई यांच्या कबरीपाशी भाविक जी रक्कम अर्पण करीत तिचा एक गल्ला होता. हा गल्ला म्हणजे आपल्याकडील फंडपेटीच. त्या पैशाचा आणि इतर समाजमालमत्तेचा धनी कोण, असा प्रश्न मुंबईच्या अ‍ॅडव्होकेट जनरलनी उच्च न्यायालयात नेला व १९२१ साली न्यायमूर्ती मार्टिन यांनी निकाल दिला. धर्मगुरूंचे श्रेष्ठत्व त्यांनी नाकारले नाही. तथापि गल्ल्यात पडलेला पैसा हा धर्मादाय विश्वस्तनिधी आहे व तो ज्याच्या हाती आहे तो विश्वस्त म्हणून न्यायालयास उत्तरदायी आहे, असे त्यांनी ठरविले. पूज्यता आणि हिशेब या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा भेद त्या निकालाने प्रथम ठळकपणे मांडला. आपल्या फंडपेटीची किल्ली एकाच्याच हाती न देण्याची जी पद्धत पुष्कळ देवळांत आहे, तिचेही मर्म तेच. किल्ली धरणाऱ्यावर अविश्वास आहे म्हणून ती पद्धत पडलेली नाही. उद्या कोणी संशय घेतल्यास त्याच्या पाठीशी साक्षीदार असावा म्हणून ती पडली आहे. हिशेब हे प्रामाणिक माणसाचे कवच असते, हे अनुभवी खजिनदारास सांगावे लागत नाही.

बुऱ्हाणपूरचा दावा स्थानिक न्यायालयातून नागपूरला आणि नागपुराहून लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. दोन पिढ्यांचा काळ लोटला. १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला तेव्हा शाळेच्या आरंभीच्या वर्गात बसलेली मुले पन्नाशीकडे झुकलेली होती. त्या निकालाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही सारख्याच काळजीने वाचावयास हवेत. पहिला भाग असा की दाईंना समाजातून बहिष्कृत करण्याचा अधिकार आहे. समाजाने तो परंपरेने मानलेला आहे व न्यायालय तो नाहीसा करू शकत नाही. दुसरा भाग असा की हा अधिकार निरंकुश व स्वैर नाही. ज्यास बाहेर काढावयाचे त्यास त्याचा दोष सांगितला पाहिजे, सुधारणेची संधी दिली पाहिजे, आणि अखेरचा उपाय म्हणून काढावयाचेच झाले तर कारणे जाहीरपणे सांगितली पाहिजेत. या कसोटीवर बुऱ्हाणपूरच्या त्या मंडळींचा बहिष्कार विधिवत झालेला नाही, असे ठरले.

म्हणजे गादी जिंकली आणि आज्ञा हरली. उभय पक्षांनी आपापला विजय मानावा असा हा निकाल असला, तरी सूक्ष्मपणे पाहता तो कोणाच्याच पूर्ण पथ्यावर पडणारा नाही. नेत्यास तो सांगतो की तुझा अधिकार मान्य, पण तो वापरण्याची रीत पाळ. प्रश्नकर्त्यास सांगतो की तुझा प्रश्न मान्य, पण संस्थेस स्वतःचे रूप राखण्याचाही हक्क आहे. दूरच्या लंडनमधील न्यायाधीशांनी, ज्यांनी बुऱ्हाणपूर कधी डोळ्यांनी पाहिले नसेल, इतके नेमके बोट या दुखण्यावर ठेवावे, हे नवल खरेच.

त्यानंतरचा इतिहास कायद्याचा आहे आणि तो लवकर आटोपता येईल. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कार प्रतिबंधक कायदा करून बहिष्कारच अवैध ठरविला. सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी १९५८ साली त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द झाला. बहुमतात आपले मराठी न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर होते. धर्मश्रद्धेच्या कारणास्तव एखाद्यास बाहेर काढणे हा त्या पंथाच्या धार्मिक व्यवहाराचाच भाग असून घटनेने तो संरक्षिलेला आहे, असे बहुमताचे म्हणणे. एकटे पडले ते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा. बहिष्कृत माणूस हा आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, त्याची मानवी प्रतिष्ठा जाते, आणि तिचे रक्षण करणारा कायदा हा समाजसुधारणेचा कायदा होय, असे त्यांनी लिहिले. अल्पमताचे निकाल बहुधा कपाटात पडून राहतात. हा मात्र राहिला नाही. सुधारणावादी बोहरांनी १९८६ साली पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावले, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे धाडला. दरम्यान महाराष्ट्राने जातपंचायतींच्या अत्याचारांस आळा घालण्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला नवा कायदा २०१७ पासून अंमलात आलेला आहे.

न्यायालयांस जे करता येते ते एवढेच. बुऱ्हाणपूरच्या गल्लीत समोरून येणाऱ्या चुलतभावास सलाम करावा की मान फिरवावी, हे कोणताही निकाल ठरवू शकत नाही.

या प्रसंगी दुसऱ्या बाजूसही न्याय दिला पाहिजे. सैयदना ताहेर सैफुद्दीन हे सामान्य पुरुष नव्हते. आपला विखुरलेला व्यापारी समाज त्यांनी एका सूत्रात बांधला, शिक्षणास उदार साह्य केले आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलपतिपद भूषविले. समाजाची शिस्त सैल होऊ दिली तर तो विस्कळीत होईल, ही त्यांची भीती पोकळ म्हणता येत नाही. अल्पसंख्य समाजास ती नेहमीच असते. स्वेच्छेने चालणाऱ्या संस्थेत पगार नसतो, बढती नसते, दंडही नसतो. तिला उभी ठेवणारी एकच वस्तू असते ती विश्वास. ज्याच्या हाती तो विश्वास सोपविला आहे, त्यास प्रत्येक शंका ही भिंतीवर पडलेली कुदळ वाटणे स्वाभाविक आहे. आणि प्रश्नकर्तेही सगळेच निर्मळ असतात असे नाही. निवडणुकीत पडलेला, देणगीच्या पाटीवर नाव न झळकलेला, किंवा केवळ सभेत बोलण्याची हौस असलेला गृहस्थ हिशेबाच्या नावाने उठतो, हे कोणत्या सभेत घडले नाही? तरीही त्याच्या हेतूची चौकशी आधी आणि प्रश्नाचे उत्तर नंतर, असा क्रम लावणारी संस्था धोक्याच्या वाटेवर असते. लबाड माणसाने विचारलेला प्रश्नही खरा असू शकतो.

स्वेच्छेच्या संस्थेत आणखी एक सूक्ष्म अडचण असते. नोकरीतला वरिष्ठ आणि कनिष्ठ यांचे नाते कागदावर लिहिलेले असते, तेथे विचारणा झाली तर ती कामाची होते. विनावेतन कार्य करणाऱ्यास विचारणा झाली की ती त्याच्या त्यागावर झाली असे त्यास वाटते. ‘एवढी वर्षे देवाची सेवा केली, त्याचे हे फळ?’ असे उद्गार निघतात आणि सभेतील सगळी सहानुभूती तत्क्षणी त्याच्याकडे वळते. आकड्याचा प्रश्न मात्र आकड्याच्याच जागी राहतो. सेवेबद्दल कृतज्ञता आणि खर्चाबद्दल पावती या दोहोंची मागणी एकाच वेळी, एकाच आदराने करता यावी, ही कला आपल्याकडे अजून रुजलेली नाही. ती न रुजल्यामुळेच चांगली माणसे एके दिवशी मुकाट्याने येईनाशी होतात. संस्था त्यांस उदासीन म्हणते. ती उदासीन नसतात, ती विचारून थकलेली असतात.

संगणकजालावर आज जी स्वयंसेवी कार्ये चालतात, त्यांतही हाच पेच नव्या वेषात दिसतो. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि त्याची मराठी आवृत्ती २००३ साली निघाली. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे तेथे विनामूल्य लेखन करतात. अशा ठिकाणी विश्वास कशावर उभा राहावा? त्यांनी युक्ती अशी योजली की प्रत्येक पानाच्या मागे त्याचा इतिहास राहतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला, हे कोणीही पाहू शकतो. म्होरक्यांनी केलेले फेरफारही त्यास अपवाद नाहीत. मे २०१० मध्ये संस्थापक जिमी वेल्स यांनी त्या प्रकल्पाच्या चित्रसंग्रहातील काही चित्रे स्वतःच्या अधिकारात काढून टाकली, तेव्हा कार्यकर्त्यांनी जाब विचारला आणि वेल्स यांनी आपले पुष्कळसे विशेषाधिकार सोडून दिले. संस्थापकाने पद सोडले नाही, प्रश्नकर्त्यांस कोणी द्रोही ठरविले नाही, आणि कोश चालू राहिला. पायथन या संगणकभाषेचे जनक गिदो व्हॅन रॉसम यांनी तर २०१८ साली वादविवादांस कंटाळून अंतिम शब्दाचा आपला अधिकारच खाली ठेवला. तेव्हापासून निवडून आलेले मंडळ ते काम पाहते. पाश्चात्यांचे सगळेच अनुकरणीय असते असे मुळीच नव्हे, आणि त्या जालावर भांडणे किती विकोपास जातात हे घरोघरच्या तरुण मंडळींस विचारावे. पण पानामागे इतिहास उघडा ठेवण्याची ती युक्ती आपल्या इतिवृत्ताच्या वहीची सख्खी बहीण आहे.

बुऱ्हाणपूरच्या भूमीत तिचे एक प्राचीन रूप पाहावयास मिळते. अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्यांतून नगरात आणणारी कुंडी भंडारा ही योजना साकारली. या जलवाहिनीवर ठरावीक अंतराने शंभरावर कुंड्या आहेत. विहिरीसारख्या दिसणाऱ्या या कुंड्यांतून वारा आत जातो आणि माणूस खाली उतरून गाळ काढू शकतो. पाणी वाहते ते अंधारातून, उतारामुळे. परंतु ते स्वच्छ राहते ते जागोजागी तोंड उघडे ठेवल्यामुळे.

आता आपल्या अंगणात. गोमंतकातील देवस्थानांच्या माझानींस पोर्तुगीज राजवटीत १८८६ साली नियमावली लाभली आणि १९३३ साली ती नव्याने करण्यात आली. परक्या सत्तेने ती देवळांच्या हितासाठी केली की देवळांवर नजर ठेवण्यासाठी, हा वाद वेगळा. तथापि तिच्यात व्यवस्थापक समितीची निवडणूक आहे, ठरावीक मुदत आहे, अंदाजपत्रक आहे, हिशेब आहेत, आणि डोक्यावर प्रशासक म्हणून मामलेदार आहेत. अध्यक्ष, सचिव, मुखत्यार, खजिनदार अशी कामाची वाटणी आहे. बुऱ्हाणपूरच्या मंडळींस जे मिळविण्यासाठी लंडनला जावे लागले, ते आपणांस आयतेच छापील मिळाले. म्हणूनच कदाचित त्याची किंमत वाटत नाही. कोरम भरत नाही म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवावी लागते. वार्षिक हिशेब वाचला जात असता मंडपात पालखीच्या वेळेविषयी कुजबूज चाललेली असते. आणि वर्षभर पिंपळाच्या पारावर मोठ्या आवाजात चर्चिला गेलेला प्रश्न सभेत मात्र कोणी उच्चारीत नाही. पारावर विचारलेल्या प्रश्नास इतिवृत्त नसते, म्हणून उत्तरही नसते. तेथे समितीवर अन्याय होतो, कारण तिला बाजू मांडता येत नाही. आणि विचारणाऱ्यावरही होतो, कारण त्याचा प्रश्न हळूहळू निंदा बनतो.

प्रिव्ही कौन्सिलची ती कसोटी महाजनांच्या सभेस तशीच्या तशी लावता येते. एखाद्या सेवेकऱ्यास किंवा समिती सदस्यास दूर करावयाचे असल्यास दोष आधी सांगावा, उत्तर ऐकावे, कारण वहीत लिहावे. उलट, समितीवर आक्षेप घ्यावयाचा असल्यास तोही लेखी, सहीनिशी, मुदतीत द्यावा. निनावी पत्रके देवळाच्या भिंतीवर डकवून कोणाचा हिशेब आजवर चुकता झालेला नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्या महाजनास उत्सवाच्या दिवशी प्रसादाचा मान देताना कोणाचा हात आखडला, तर त्या क्षणी मुंबईचा गल्ला आणि बुऱ्हाणपूरची शाळा दूर राहत नाही.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. कार्यक्रमपत्रिकेत हिशेबाचा विषय बहुधा शेवटास असतो. त्याच्या आधी मागील इतिवृत्त, अभिनंदनाचे ठराव, दुखवट्याचे ठराव, रंगरंगोटी, रथाची दुरुस्ती आणि विजेची रोषणाई येते. खजिनदार चष्मा लावून उभे राहतात तोच अग्रशाळेतून पाने मांडल्याची वर्दी येते, आणि ‘वाचला असे समजावे’ या एका वाक्याने वर्षाचा हिशेब मंजूर होतो.